इंजिनाखालचे रबर किती कडक असावे?

कारचे इंजिन बॉडीला थेट बोल्टने जखडलेले नसते. तीन-चार रबरी आधारांवर ते टेकलेले किंवा टांगलेले असते. कंपनीच्या कागदावर त्यांना इंजिन माउंटिंग म्हणतात, गॅरेजमधला मिस्त्री त्यांना फाउंडेशन म्हणतो. ती धड असतात तोवर गाडीच्या मालकाला त्यांची आठवणही येत नाही. मग कधीतरी पहिल्या गिअरला क्लच सोडताना बॉनेटखाली धप्प असा आवाज येतो. ॲक्सिलेटर सोडला की गिअरचा दांडा पुढेमागे हलतो. सोलापुरात सात रस्त्याला एसी चालू ठेवून उभे राहिले, की स्टिअरिंगमधली थरथर कोपरापर्यंत पोचते.

अशा वेळी दोन सल्ले मिळतात. पहिला, रबर बदलून टाका. दुसरा, आहे तेच रबर कडक करून घ्या: पोकळीत पॉलीयुरेथेन ओता, नाहीतर बाजारात मिळणारे कडक बुश दाबून बसवा. दुसरा सल्ला आकर्षक आहे, कारण तो स्वस्त आहे, घरच्या अंगणात अमलात आणता येतो आणि गाडी चालवताना फरक त्याच दिवशी जाणवतो. ही पुस्तिका त्या दुसऱ्या सल्ल्याविषयी आहे. तिचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकावे हे बरे. फाउंडेशन घरी कडक करता येते, पण फाटलेले नव्हे, आणि सगळी तर नव्हेतच. बहुतेक छोट्या गाड्यांत एकच आधार असा असतो की ज्याला कडकपणा मानवतो. तो कोणता, हे ओळखणे हाच या कामाचा गाभा आहे.

या ओळखीचा धागा थेट 1931 सालापर्यंत जातो. त्या काळी अनेक स्वस्त मोटारी चार सिलिंडरच्या असत आणि चार सिलिंडरचे इंजिन थरथरे. ते चासिसला जवळपास घट्ट आवळलेले असल्यामुळे ती थरथर प्रवाशांच्या हाडांपर्यंत जाई. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या अभियंत्यांनी त्या वर्षीच्या प्लिमथ पीए या गाडीत इंजिन दोन रबरी आधारांवर ठेवले. पुढचा आधार उंचावर, पाण्याच्या पंपाजवळ. मागचा खाली, गिअरबॉक्सच्या तळाशी. दोन्ही आधारांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाई, त्यामुळे इंजिन स्वतःच्या नैसर्गिक अक्षाभोवती मोकळेपणाने डुले आणि डुलताना चासिसला फारसे हिसके देत नसे. मात्र गाडी जोरात पळवताना ते प्रमाणाबाहेर कलंडू नये, म्हणून बाजूला एक छोटी पोलादी पाटा-स्प्रिंग बसवली होती. कंपनीने या रचनेला ‘फ्लोटिंग पॉवर’ असे नाव दिले. फ्रान्सच्या सिट्रोएनने लवकरच तिचा परवाना घेतला आणि आपल्या गाड्यांवर पोहणाऱ्या हंसाचे चिन्ह लावून तिची जाहिरात केली.

या रचनेत वजन पेलून थरथर गिळणे हे एक काम आहे आणि कलंडणे रोखणे हे दुसरे. अभियंत्यांनी ही दोन कामे दोन वेगळ्या भागांकडे सोपवली. पहिल्यासाठी मऊ रबर, दुसऱ्यासाठी कडक स्प्रिंग. नव्वद वर्षे उलटली, इंजिने आडवी झाली, ओढणारी चाके बदलली, तरी ही वाटणी टिकून आहे. घरी रबर कडक करणाऱ्याचे काम बिघडते ते ही वाटणी विसरल्यामुळे.

सोलापूरकरांना या गोष्टीशी नाते सांगण्याचा हक्क आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरचा. जहाज, साखर, विमान अशा उद्योगांत हात घातलेल्या या माणसाला हिंदुस्थानात मोटार बनवायची होती, आणि त्यासाठी त्यांनी हात मिळवला तो क्रायस्लरशी. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी सुरू झाली. फ्लोटिंग पॉवरची कल्पना ज्या कुळात जन्मली, त्याच कुळातल्या गाड्या सोलापूरच्या माणसाने या देशात आणल्या. पुढे याच कंपनीने फियाटशी करार केला आणि त्यातून पद्मिनी घडली. महाराष्ट्रातल्या मिस्त्रींच्या कितीतरी पिढ्या पद्मिनीच्या बॉनेटखाली हात काळे करून शिकल्या.

पण पद्मिनीवर शिकलेले शहाणपण आजच्या गाडीला जसेच्या तसे लावता येत नाही, आणि याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. पद्मिनीचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर, आणि ओढ मागच्या चाकांना. 1983 साली आलेल्या मारुती 800पासून इंजिन आडवे झाले, ओढ पुढच्या चाकांना आली आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात गेले. समजा इंजिनाचा टॉर्क 100 न्यूटन-मीटर आहे. मागच्या चाकांच्या गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण 3.5 धरले, तर फाउंडेशनना 350 न्यूटन-मीटरचा पीळ सोसावा लागतो. त्यापुढची वाढ मागच्या ॲक्सलच्या वाट्याला जाते. पुढच्या चाकांच्या गाडीत डिफरन्शियलचे गुणोत्तरही यात गुणले जाते. एकूण गुणोत्तर 14 धरले, तर पीळ 1400 न्यूटन-मीटर होतो. तो रोखणारा आधार अर्ध्या मीटरच्या अंतरावर असेल, तर त्याच्यावर येणारा ओढा सुमारे 285 किलो वजनाइतका असतो. क्लच सोडताना येणारा तो धप्प आवाज याच ओढ्याचा.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हा ओढा घेणारा भाग वेगळा असतो. इंजिनाच्या बाजूला एक आणि गिअरबॉक्सच्या बाजूला एक अशी दोन फाउंडेशन वरून वजन पेलतात. खाली, सहसा मागच्या बाजूला, हाडकाच्या आकाराचा एक आखूड रॉड असतो. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. एक टोक गिअरबॉक्सला, दुसरे सबफ्रेमला. यालाच टॉर्क रॉड म्हणतात. वजन तो जवळपास पेलतच नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना त्याच्यावर फारसा भार नसतो. प्लिमथच्या पाटा-स्प्रिंगचा हा आजचा वारसदार. कडक करायचाच असेल, तर तो हा.

वजन पेलणारी फाउंडेशन का कडक करू नयेत, हे आकड्यांतून जितके स्पष्ट होते तितके अनुभवाच्या गोष्टींतून होत नाही. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर स्लो चालत असेल, तर क्रँकच्या दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे 26.7 धक्के. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दीड स्फोट, म्हणजे सेकंदाला 20 धक्के. रबरावर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःची डुलण्याची एक लय असते. ती सेकंदाला 10 धरू. धक्क्यांचा वेग या लयीच्या 1.41 पटीपेक्षा जास्त असेल तरच रबर थरथर अडवते. तो त्याच्या खाली आला, की रबर ती अडवण्याऐवजी वाढवून बॉडीला देते. धक्के आणि लय एक झाली, तर थरथर सर्वांत जास्त.

आता रबर दुप्पट कडक केले, तर लय 10 वरून 14.1 वर जाते. चार सिलिंडरची गाडी हे सोसते, कारण तिची मर्यादा, म्हणजे 26.7 भागिले 1.41, ही 18.9 आहे. तीन सिलिंडरची मर्यादा मात्र नेमकी 14.1 आहे, तिथे रबराचा उपयोगच संपतो. रबर चौपट कडक केले, तर लय 20 होते, आणि तीन सिलिंडरचे धक्केही सेकंदाला 20च. आल्टो, वॅगनआर 1.0, सेलेरियो, टियागो पेट्रोल, क्विड या सगळ्या तीन सिलिंडरच्या गाड्या आहेत. अशा गाडीची सगळी फाउंडेशन कडक करून घेणाऱ्याच्या डॅशबोर्डचे प्लास्टिक सिग्नलवर खडखडू लागते, आरशातले चित्र हलते, आणि त्याला वाटते की कामात काही चूक राहिली. काम बहुधा व्यवस्थितच झालेले असते. निवड चुकलेली असते.

चौपट हा आकडा फार दूरचा नाही. रबराचा कडकपणा शोअर ए या मापाने मोजतात. मूळ फाउंडेशनचे रबर सहसा 45 ते 60च्या दरम्यान असते. बाजारातले पॉलीयुरेथेन 70 ते 95. हे माप सरळ रेषेत वाढत नाही. 50 वरून 70 वर गेले, की प्रत्यक्ष ताठरपणा दुपटीहून अधिक होतो. 80 वर गेले, की जवळपास चौपट. त्यात ओतकामाने पोकळी बुजवली, तर आकारामुळे येणारी लवचिकताही जाते. म्हणून डब्यावरचा आकडा पाहून 80 आणि 70 मध्ये थोडाच फरक आहे असे मानणे धोक्याचे.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकले, की फरशीतूनच पायाला गुणगुण जाणवते, कारण माग जमिनीला घट्ट धरलेले असतात. सगळी फाउंडेशन कडक केलेल्या गाडीत बॉडीची तीच फरशी होते.

मग शर्यतीच्या गाड्या? तिथे इंजिन अनेकदा चौकटीला थेट बोल्टने धरतात. भारतात 2007 पासून होणाऱ्या बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका सिलिंडरच्या इंजिनाची गाडी स्वतः बांधतात. तिथेही घट्ट बसवलेले इंजिन नवलाचे नाही. पण त्या गाडीत एसी नाही, डॅशबोर्ड नाही, मागे आजी बसलेली नाही, आणि चालकाला काही तासच काढायचे असतात. सोलापूरहून पुण्याला अडीचशे किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीने त्या गाडीचा कित्ता गिरवण्याचे कारण नाही.

सोलापुरात फाउंडेशन लवकर का जातात, याचाही विचार हवा. नैसर्गिक रबर उष्णतेने म्हातारे होते. तापमान दर 10 अंशांनी वाढले, की ही रासायनिक झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 42-43 अंशांवर जातो, बॉनेटखाली तो त्याहून कितीतरी वर असतो, आणि डांबरावर उभ्या गाडीला खालूनही भाजले जाते. त्यात एसी सतत चालू, म्हणजे स्लोवर इंजिनावर कॉम्प्रेसरचा जादा भार. दुसरा शत्रू तेल. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळू लागले, की ऑइल थेंबाथेंबाने खालच्या फाउंडेशनवर पडते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, मऊ पडते आणि पोलादी कवचापासून सुटते. अशा गाडीत गळती न थांबवता नवे फाउंडेशन बसवणे म्हणजे पैसे वाया. कडक करण्याचा विचार त्याच्याही नंतर.

म्हणून पहिले काम तपासणीचे. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून, एकाने सीटवर बसावे आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडून लगेच दाबावा. मग हेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभे राहून उघड्या बॉनेटमधून पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये, लहान मुले तर आसपासही नकोत. इंजिन थोडे कलणे स्वाभाविक आहे. पण ते एका बाजूने उसळून परत आदळत असेल, तर त्या बाजूचे रबर फाटले आहे. टॉर्चच्या उजेडात रबर आणि धातू यांच्या सांध्यात फट दिसते का, हे पाहावे. काही गाड्यांत इंजिनाच्या बाजूचे फाउंडेशन द्रव भरलेले असते. त्याच्यावर ओलसर काळपट ओघळ दिसला, तर ते संपले. अशा फाउंडेशनमध्ये काहीही ओतू नये. त्यातला द्रव अरुंद वाटेने एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊन थरथर मारतो. ती वाट बुजली, की महागडा भाग साध्या रबराहून वाईट होतो.

फाटलेल्या रबरात पॉलीयुरेथेन ओतले तर काय होते? वरून सगळे एकसंध दिसते. पण भार पेलणारा मूळ सांधा तुटलेलाच असतो, आणि नवे ओतकाम तेलकट, जुन्या रबराला नीट चिकटत नाही. काही महिन्यांत ते सैल होऊन पोकळीत खुळखुळू लागते. टायरचे तुकडे ठोकून पॅकिंग करण्याची जी पद्धत आहे, तिचाही शेवट हाच. टायरच्या रबरात दोरे किंवा तारा असतात, त्याचा कडकपणा सगळीकडे सारखा नसतो, आणि तुकडा एकाच बाजूला दाबला गेल्याने इंजिन तिरके बसते. तिरके बसलेले इंजिन ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलते.

आता प्रत्यक्ष ओतकाम. टॉर्क रॉडचा मोठा बुश पाहिला, तर त्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या पोकळ्या दिसतात. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात; सुरुवातीची हालचाल मऊ आणि पुढची कडक व्हावी म्हणून. या पोकळ्या पूर्ण बुजवण्याऐवजी एका बाजूची बुजवून पाहणे शहाणपणाचे, कारण ओतलेले काढणे अवघड असते. रॉड काढून आधी साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. खालच्या बाजूला पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून भांड्यासारखा तळ करावा. सिलिकॉन वापरू नये: ते लवकर फाटते, आणि एकदा लागले की पुढे त्याच्यावर दुसरे काही चिकटत नाही.

पॉलीयुरेथेन दोन प्रकारचे मिळते, आणि इथे सोलापूरची हवा मध्ये येते. काच बसवणाऱ्यांकडे नळीत मिळणारे एकाच घटकाचे पॉलीयुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पिकते, साधारण दिवसाला 3 मिलिमीटर जाडीने. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ते वरून कातडी धरते आणि आत कित्येक दिवस कच्चेच राहते. उन्हात ठेवले की लवकर वाळेल, हा समज इथे उलटा पडतो. जाड थर एकदम भरण्याऐवजी पातळ थर, मध्ये दिवस सोडून, हाच मार्ग. दोन घटकांचे मिश्रण ओलाव्यावर अवलंबून नसते, पण उन्हाळ्यात ते भांड्यातच घट्ट होऊ लागते आणि पावसाळ्यात ओलाव्याशी क्रिया होऊन त्यात बुडबुडे धरतात. त्यामुळे या कामाला सोलापुरात सर्वांत चांगले दिवस म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे, थंडीतल्या सकाळी. दोन्ही प्रकारांत आयसोसायनेट असते. ते कातडीला आणि फुप्फुसाला त्रास देते, आणि दमा असलेल्या माणसाने तर याला हात लावूच नये. मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच काम करावे.

टॉर्क रॉड काढताना इंजिनाचे वजन वरच्या दोन फाउंडेशनवर असते, म्हणून हे काम तुलनेने निर्धोक. तरीही केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. दोन्ही बाजूंना स्टँड हवेतच, तेही सपाट, पक्क्या जमिनीवर. वरची फाउंडेशन बदलायची झाली, तर एका वेळी एकच खोलावे आणि इंजिनाला खालून आधार देताना जॅक व ऑइल संप यांच्यामध्ये रुंद लाकडी फळी ठेवावी. पत्र्याचा संप टोकाच्या दाबाने चेपतो आणि आतल्या ऑइल पंपाच्या जाळीचे तोंड दबते. बोल्ट परत बसवताना आधी सैल ठेवावेत, इंजिन हाताने हलवून त्याच्या जागी बसू द्यावे, मग टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाने आवळावेत. घाईने आवळलेले रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत राहते. थरथर वाढली म्हणून रबराला दोष दिला जातो, त्यातल्या बऱ्याच तक्रारी या आवळण्यातून आलेल्या असतात.

कायद्याचा प्रश्न थोडक्यात. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. रबराचा कडकपणा नोंदणी पुस्तकात लिहिलेला नसतो. वॉरंटीची गोष्ट वेगळी. मुदत शिल्लक असेल, तर या कामाला हात घालण्याआधी तिची कलमे वाचावीत.

काम झाल्यावर परीक्षेसाठी तुळजापूरचा रस्ता चांगला. साधारण 45 किलोमीटर, आधी सपाट, मग घाटाची चढण. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबून-सोडून फरक लगेच कळतो. गिअरचा दांडा पूर्वीसारखा उडी मारत नसेल आणि सिग्नलवर एसीसकट थरथर वाढली नसेल, तर निवड बरोबर होती. थरथर वाढली असेल, तर ओतलेला रॉड काढून मूळ रबराचा नवा रॉड बसवावा. परतल्यावर गाडी थंड होऊ द्यावी आणि तीन जागा पाहाव्यात: रॉडचे दोन्ही बोल्ट, सबफ्रेमचा तो भाग जिथे रॉड टेकतो, आणि सायलेन्सरच्या सुरुवातीची लवचीक जाळीदार नळी. इंजिनाची हालचाल बदलली, की तडा बहुधा आधी तिथेच जातो. हीच तपासणी 500 किलोमीटरनंतर पुन्हा करावी. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक गाडीच्या प्रकारानुसार टॉर्क रॉड कुठे असतो आणि तो काढण्याचा क्रम काय, हे आकृत्यांसह दिले आहे. ज्यांच्या गाडीला असा रॉडच नाही, त्यांनी थेट जुन्या उभ्या इंजिनांच्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करावी.